जास्त होतंय

१२ नोव्हेंबर, बुधवार

नवी मुलगी आली. प्रज्ञा. हुपरीची, इथं कॉलेजला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. तिच्या सरांनी पाठवलं. जानेवारीत मंडळाची वक्तृत्व स्पर्धा आहे, त्यातल्या उत्स्फूर्त अभिनयासाठी हिला तयार करा म्हणे. मे महिन्यात शाळेतून रिटायर झाले तेव्हा सगळ्यांनी नारळ देऊन सांगितलं, बाई, आता आराम करा. तेच लोक आता मुली पाठवतात.

दारातच म्हणाली, "मी हुपरीतनं आलो." म्हटलं, आलो नाही, आले. तर म्हणे, "व्हय, पण आलो की मी." इकडच्या मुली अशाच बोलतात, मी जातो, मी खातो. लहानपणी मीही तशीच बोलायची. पण परीक्षक बाहेरगावचे असले की हसतात, आणि हसून मार्क कापतात.

चिठ्ठी उचलायला लावली. निघालं 'आरसा'. विचाराची दोन मिनिटं तिनं खिडकीतून रस्त्यावरच्या म्हशी बघण्यात घालवली. मग तीन मिनिटं नुसती वेणी घातली. घरात एकच आरसा, मागून भाऊ ढकलतोय, आतून आई हाक मारतेय, एवढंच. गोष्ट नाही, शेवट नाही, डोळ्यांत पाणी नाही. सगळं चुकीचं.

मी घड्याळ लावायला विसरले होते. असं माझ्या हातून होत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्र.ला साचे सांगितले. निळी वही काढली. उत्स्फूर्त म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं, हे प्रेक्षकांना सांगायचं. प्रत्यक्षात स्टेजवर आयत्या वेळी काही सुचत नाही, घशाला कोरड तेवढी पडते. म्हणून सात साचे पाठ करायचे आणि जी चिठ्ठी निघेल ती त्यातल्या एकात बसवायची. साचा एक, आई जाते. साचा दोन, सीमेवरून पत्र येतं. तीन, म्हातारी एकटीच बोलते. वगैरे. चिठ्ठीत छत्री निघो की निवडणूक, दीड मिनिटात आई मेलीच पाहिजे. पावणेदोनला हुंदका, सव्वादोनला शांतता, मग एक वाक्य आणि नमस्कार. बावीस वर्षं माझ्या मुलींनी ह्या वहीवर ढाली उचलल्या.

सगळ्यांत जास्त मुक्तानं. माझी मुलगी. नवव्या वर्षी सुरू केलं, एकविसाव्या वर्षी सोडलं. तिनं मला स्टेजवर किती वेळा मारलं त्याला गणती नाही. मी पहिल्या रांगेत बसून मिनिटं मोजायची. घरच्या तालमीला हे वेळ धरायचे, वेळ संपली की स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचे. आईच्या मरणावर बाप घंटा देतोय आणि मग तिघं मिळून भडंग खातोय, अशी आमची संध्याकाळ.

प्र. सगळं ऐकून म्हणाली, बघतो. मग म्हणाली, बघते.

१६ नोव्हेंबर, रविवार

अकराला मुक्ताचा फोन. पुण्यात कंपनीत आहे, दर रविवारी अकराला करते. चार मिनिटं. गोळ्या घेतल्यास का. घेतल्या. काय केलंस जेवायला. वरणफळं. थंडी आहे का. आहे. मग, ठेवते.

सगळं बरोबर असतं. वाक्यं पूर्ण, उच्चार स्वच्छ, कुठं अडखळणं नाही. परीक्षक म्हणून बसले तर एक मार्क कापता येणार नाही. पूर्वी फोन ठेवताना म्हणायची, "ठेवतो गं म्हातारे." मी चिडायची. आता त्या 'ठेवतो'साठी जीव टांगणीला लागतो आणि येतं ते 'ठेवते'.

दुपारी उगाच तिच्या ढाली पुसत बसले. धूळ नव्हती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

प्र.नं साचा एक करायला नकार दिला. चिठ्ठी 'दार'. तिला सांगितलं, दारात आईची वाट बघ, निरोप येतो, आई गेली, पावणेदोनला हुंदका. ती नुसती उभीच. मग म्हणाली, "बाई, माझी आई जिती हाय की. मी कशाला मारू तिला?"

म्हटलं, अभिनय आहे हा, बाळ.

"ते हाय. पन आत्ताच रडून घेतलं तर खरं आल्यावर काय करू?"

मी वही मिटली. डोकं दुखतंय असं सांगून तिला पाचच्या गाडीला लावलं. डोकं दुखत नव्हतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहूनच टाकते. चार वर्षं कुठं लिहिलं नाही, ह्या वहीतही नाही.

हे गेले तो दिवस. सकाळी आंघोळ करून आले, पलंगावर बसले, टॉवेल मागितला. मी टॉवेल घेऊन येईपर्यंत… तेवढंच. दुपारी मुक्ता पुण्याहून पोचली. ह्यांना बाहेरच्या खोलीत ठेवलेलं, मी उशाशी, भोवती पेठेतल्या बायका. ती दारातून आली आणि 'बाबा' म्हणून जो आवाज तिनं काढला तसा मी आयुष्यात ऐकला नव्हता. पायाशी पडली. थांबेना. बायकासुद्धा घाबरल्या. आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "मुक्ता, बास. जास्त होतंय."

जास्त होतंय. हा आमच्या तालमीतला शब्द. रडणं जास्त झालं की परीक्षकाला खोटं वाटतं. म्हणून मी हळूच एवढंच म्हणायची आणि ती आटोपतं घ्यायची. नऊ वर्षांची असल्यापासून.

त्या दिवशीही घेतलं. तिथल्या तिथं थांबली. डोळे पुसले, उठली, आलेल्यांना पाणी विचारायला लागली. तेरा दिवस तिनं घरभर चहा केला. त्यानंतर ती माझ्यासमोर रडली नाही, भांडली नाही, चिडली नाही, मला चिडवलं नाही. नीट वागते. पाहुण्यासारखी.

मला काय म्हणायचं होतं? मला माहीत नाही. ते तोंडातून गेलं. बाप गेलेल्या पोरीला आईनं अभिनयाची सूचना दिली. कुणाला सांगणार हे?

तिला सांगायला हवं. माझं चुकलं म्हणायला हवं. चार वर्षं रविवार येतो आणि जातो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मंडळाचं पत्रक आलं. ११ जानेवारी, रविवार. परीक्षक तीन. दोन नावं नेहमीची. तिसरं मुक्ताचं, खाली बारीक अक्षरात: याच स्पर्धेच्या माजी विजेत्या.

चष्मा पुसून परत वाचलं. मागच्या रविवारी बोलली, अक्षरानं कळू दिलं नाही. चिटणिसांना फोन केला तर ते म्हणाले, तुम्हाला सरप्राइज द्यायचं असेल बाई, मी बोललो म्हणू नका. बारा वर्षं ज्या स्टेजवर होती त्याचं नाव काढलं तर विषय बदलते ती मुलगी. आणि परीक्षक म्हणून हो म्हणाली. का म्हणाली असेल?

३० नोव्हेंबर, रविवार

फोन. चार मिनिटं. ती बोलली नाही. मी विचारलं नाही. दोघीही पक्क्या.

७ डिसेंबर, रविवार

आज बोलली. "जानेवारीत येतेय. मंडळानं बोलावलंय, परीक्षक म्हणून." मी म्हटलं, अरे वा. माझं 'अरे वा' अगदीच पडलं. तिला कळलंच असेल.

तिनं विचारलं, तुझी कुणी आहे का स्पर्धेत. म्हटलं, एक आहे. म्हणाली, "नाव सांगू नकोस मला." बरोबर आहे. मीच शिकवलंय असं वागायला.

घरी येशील ना, विचारलं. साडेसहाची गाडी आहे, बघते म्हणाली.

आज सहा मिनिटं झाली. वरच्या दोन मिनिटांवर अख्खा दिवस गेला. संध्याकाळी भाजीवालीशी सुद्धा गोड बोलले, ती चकित.

१५ डिसेंबर, सोमवार

प्र. आठ दिवस फिरकली नाही, फोन लागेना. शेवटी मीच हुपरीची एस्टी धरली. घर शोधायला त्रास झाला नाही, घुंगरू जोडतात ती का म्हणून एकानं दारापर्यंत सोडलं. पैंजणाची मोठी ऑर्डर आलेली, घरातले सगळे खाली मान घालून बसलेले, त्यात प्र.सुद्धा. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली ताटात चांदीचे घुंगरू. तिची आई मान वर न करताच म्हणाली, "बसा पावणं." मी कोण ते कळल्यावर उठून चहा टाकला.

मायलेकी अख्खा वेळ भांडत होत्या. तू वाकडं जोडलंयस. तू आधी चष्मा लाव. बाईंच्या म्होरं नाटकं करू नगंस. तूच करतीयास. आणि मधेच दोघींना एकदम हसू फुटायचं, कशावर ते मला समजायचं नाही. मी कपबशी धरून बसले होते. मला त्यांचा इतका हेवा वाटला की चहाची चव आता आठवत नाही.

आईनं विचारलं, तुमची लेक कुठं असती. पुण्याला. येती का? येते की, म्हटलं, महिन्याला एक खेप असते. खोटं बोलले आणि छान वठलं.

निघताना म्हणाली, "ही दिसभर घरात ह्येच करती. तुमी नवीन काय शिकीवताय हिला?" ऑर्डर संपली की पाठवते म्हणाली.

२२ डिसेंबर, सोमवार

माफी लिहिली. तीनदा. तिसरी बरी जमली. मग उभी राहून म्हणून बघितली, कपाटाच्या आरशासमोर. 'मुक्ता, त्या दिवशी मी तुझी आई नव्हते, तुझी बाई होते.' चांगलं वाक्य. इथं थांबायचं. मग आवाज खाली आणून पुढचं. घड्याळ लावलं होतं. पावणेतीन मिनिटं भरली. आणि लक्षात आलं, मला हुंदका आला तो बरोबर पावणेदोनला.

फाडून टाकलं. मुक्ता पहिल्या वाक्याला ओळखेल कुठला साचा ते.

बावीस वर्षं पोरांना आयत्या वेळचं शिकवते, आणि मला आयत्या वेळी एक वाक्य बोलता येत नाही. हसायलाच आलं. थोडा वेळ.

२६ डिसेंबर, शुक्रवार

प्र. वेळेआधी आली, मला कळलं नाही. मी आरशापाशी, पुन्हा तेच चालू. मागून म्हणाली, "बाई, ह्यो कुठला विषय?"

म्हटलं, 'चूक'. चिठ्ठीत निघाली 'चूक'.

जरा विचार केला तिनं. "तुमी वाक्य झालं की थांबताय. टाळी पडंल म्हणून थांबल्यागत."

रागवणारच होते. पण तिचं बरोबर होतं. विचारलं, तू असतीस तर काय केलं असतंस. म्हणाली, "मी पयलं भांडी घासाय लागलो असतो. आई म्होरं असली की हाताला काम लागतं मला. त्याबिगर तोंडच उघडत न्हाई."

'लागले असते' असं म्हणायचं मी विसरले. विसरले म्हणजे म्हटलं नाही.

आज दोन चिठ्ठ्या घेतल्या. एकीतही कुणी मेलं नाही. 'रांग'मध्ये ती रेशनच्या दुकानापुढं उभी राहिली आणि पुढच्या बाईच्या अंबाड्यातली पिन काढून घेतली, एवढंच केलं. मी खूप हसले. ह्या घरात मोठ्यानं हसून किती दिवस झाले असतील.

४ जानेवारी, रविवार

मु.चा फोन. सकाळच्या गाडीनं थेट हॉलवर येणार. आणि मग? "चहाला येते घरी."

चहाला. माहेरी, चहाला. पण 'येते' म्हणाली. 'बघते' गेलं.

तिची खोली झाडली, गादी उन्हात टाकली. चहाला येणाऱ्या माणसाला गादी कशाला लागते, असं शेजारच्या वहिनींनी विचारलं नाही ते बरं.

१० जानेवारी, शनिवार

शेवटची तालीम. पेठेत फुटबॉलचा सीझन, आमच्याकडच्या पोरांनी मॅच मारली, चार वाजल्यापासून फटाके आणि गाड्यांचे हॉर्न. प्र.ला म्हटलं, ह्या आवाजात बोलता आलं तर उद्या कुठंही बोलशील.

साचे काढले नाहीत. सांगितलं, सुचलं तर कर, नाही सुचलं तर उभी राहा. तिच्या सरांना हे कळलं तर माझी धडगत नाही. जाताना विचारलं तिनं, स्टेजवर आलो म्हणू का आले. म्हटलं, तोंडात येईल ते म्हण.

घाबरलीय. मीही. ती तीन मिनिटांना घाबरलीय, मला उद्याचा अख्खा चहा काढायचाय.

मुक्ता, ये गं. एवढंच वाटतंय. नीट वागू नकोस, नुसती ये.

१२ जानेवारी, सोमवार, सकाळ

काल लिहायला जमलं नाही. क्रमानं लिहिते.

हॉलमध्ये मी तिसऱ्या रांगेत. मुक्ता परीक्षकांच्या टेबलाशी, माझ्याकडे पाठ. केस कापलेत. मानेवरचा तीळ दिसत होता, त्याच्याकडेच बघत सोळा मुलं काढली. सोळांपैकी सहा जणांच्या आया गेल्या, एकाचं पत्र आलं.

सतरावी प्र. चिठ्ठी 'हरवलेली किल्ली'. हिनं विचाराच्या वेळात परत कुठंतरी भलतीकडे बघितलं. मग सुरू. कमरेला बघितलं, पिशवी उलटी केली, भावाला शिव्या घातल्या, "किल्ली गावंना झालीया" म्हणत स्टेजच्या पायऱ्या उतरून खालीच आली. स्टेज सोडलं की मार्क जातात. पहिल्या रांगेतल्या लोकांचे पाय उचलायला लावले. घंटा झाली, हिला पत्ता नाही. थेट परीक्षकांच्या टेबलाशी गेली आणि मुक्ताला म्हणाली, "उठा की जरा, ताई. तुमच्या खाली हाय का बघू द्या."

मुक्ता उठली. खरंच उठली, वाकून स्वतःच्या खुर्चीखाली बघितलं. हॉल कोसळला. आणि मुक्ता हसली. मोठ्यानं, मान मागं टाकून, लहानपणी हसायची तशी. दुसरी घंटा कधी झाली मला ठाऊक नाही. मी प्र.कडे बघतच नव्हते.

नियमानं व्हायचं तेच झालं. स्टेज सोडलं, वेळ ओलांडली, उत्तेजनार्थ. पहिला नंबर सांगलीच्या मुलीला, तिची आई वेळेवर गेली होती. प्र. प्रमाणपत्र घेऊन खुशीत. एवढंच म्हणाली, "किल्ली गावली न्हाई ओ बाई."

रिक्षात मुक्ता म्हणाली, "ती सतरावी तुझी होती." कशावरून, विचारलं. म्हणाली, साचा नव्हता म्हणून आधी वाटलं नाही, पण निकालाच्या वेळी मागं वळून बघितलं तर तू रडत होतीस. मी रडत होते? असेन.

घरी पोचलो तेव्हा चार. चहा दिला. उभ्यानंच घेतला तिनं, बॅग खांद्यावर. मी मटारची पिशवी काढली आणि सोलायला बसले. वाटलं नव्हतं, पण ती बॅग ठेवून समोर बसली आणि तिनंही मूठभर शेंगा घेतल्या. मग मी म्हटलं, त्या दिवशी मी तुला रडू दिलं नाही, मुक्ता. जास्त होतंय म्हटलं. माझं चुकलं. पाठ केलेलं एक वाक्य आठवलं नाही, आणि आवाज चिरकला.

ती सोलत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, असू दे आई, मी विसरले. ते नीट वाक्य येईल आणि साडेसहाची गाडी येईल.

ती म्हणाली, "मी रडत होतो का करत होतो, मला अजून कळत नाही, आई."

मला काही समजेना.

"माझा हात छातीवर गेला होता. तू शिकवलेला, तसाच. मला माझा हात दिसला. तेवढ्यात तू म्हणालीस जास्त होतंय. मला वाटलं, हिनं ओळखलं. बाबांच्या पायाशी पडूनसुद्धा मी करतोय, हे आईनं ओळखलं."

चार वर्षं मी समजत होते की तिला माझा राग आहे. ती मला घाबरत होती. मी पकडलंय तिला, असं धरून चालली होती. आता कुठंही रडू आलं की आधी आपले हात कुठं आहेत ते बघते, म्हणाली. ऑफिसातल्या मैत्रिणीची आई गेली तेव्हा ती दारातूनच परत आली. परीक्षक व्हायला हो म्हणाली तेही त्यासाठीच. समोर बसून बघितलं तर खरं-खोटं कळतं का, हे तिला बघायचं होतं. विचारलं, कळलं का? म्हणाली, नाही.

मी म्हटलं, "खरं होतं गं ते. अगदी खरं होतं."

"तुला कसं कळणार?" ती म्हणाली. चिडून नव्हे, खरंच विचारल्यासारखं. "सगळं तूच तर बसवलेलंस."

मटार संपले. ती रडली नाही. मीच रडले, आणि ती बघत राहिली. साडेसहाची गाडी निघून गेली, दोघींपैकी कुणी घड्याळाचं नाव काढलं नाही. नंतर भात टाकला, मटार घालून. सकाळी सहाच्या गाडीनं जाते म्हणाली आणि तिच्या खोलीत झोपली.

आता सात वाजून गेलेत. उठवलं नाही.

पहाटेपासून एकच चाललंय डोक्यात. खरं होतं म्हटलं, ते मी काय बघून म्हटलं? आठवून बघते. ती दारातून आली ते दिसलं. मग आवाज. मग पायाशी काहीतरी पडलं. हात कुठं होता? तोंड कसं होतं? मला आठवतच नाही, कारण मी बघितलंच नाही. मी ह्यांच्याकडे बघत होते. ओठाच्या कडेला पाणी सुकलं होतं, ते पुसावं का एवढंच बघत होते. लेकीचा आवाज नुसता कानात घुसत होता, आणि मला सोसवेना म्हणून जे तोंडात आलं ते बोलले. माझ्याच्यानं होत नव्हतं. तिचं जास्त होतंय की कमी, मी कुठं बघितलं होतं.

म्हणजे मी काही ओळखलं नव्हतं. तिला हे सांगायला हवं. पण त्यानं तिचा प्रश्न सुटत नाही, तिचा हात छातीवर गेला होता तो गेलाच होता. आणि बापाच्या पायाशी पडलेल्या पोरीकडे आईनं बघितलंसुद्धा नाही, हे ऐकून तिला बरं वाटेल की आणखी वाईट, मला खरंच सांगता येत नाही.

तरी सांगणार. कसं ते ठरवलेलं नाही. आत कॉटचा आवाज आला, उठली वाटतं.